ड्रायव्हरच्या बाजूची जागा

मूर्तिजापूरला बंद पडलेल्या शकुंतला रेल्वेच्या रुळांमध्ये गवत एवढं माजलंय की शेळी चरायला शिरली तर नुसते कान दिसतात.

०

पंपावरचा माणूस म्हणतो, "झिरो पाहून घ्या भाऊ." झिरो कोणीच पाहत नाही. सगळे त्याच्या पुढचं पाहतात.

०

मेथी रुसते. वांगं रुसत नाही, टमाटर फुटतो पण रुसत नाही. मेथीला थोडं ऊन लागलं की ती मान टाकते आणि मग कितीही पाणी मारा, वर पाहत नाही.

०

जहीरनं पिकअप विकायला काढली. गिऱ्हाईक येईपर्यंत हौद्यात कोंबडी अंड्यांवर बसली. शेवटी गिऱ्हाईक आलं, गाडी पाहिली, म्हणालं, कोंबडी धरून बोला.

०

एसटीत बायांना अर्धं तिकीट आहे. अर्धं तिकीट काढलेली बाई सीटवर मात्र पूर्ण बसते.

०

बार्शीटाकळीकडच्या एका गावातून रोज पहाटे भाजीची पिकअप अकोल्याला निघे. गाडी धम्मदीपची. माल गावाचा. आणि ड्रायव्हरच्या बाजूची जागा धम्मदीपच्या आईची, पंचफुलाची.

पूर्वी माल एवढा असायचा की दोर आवळायला धम्मदीपच्या बापाला, देवमनला, टायरवर पाय देऊन छातीनं ओढावं लागे. आता दोर हौद्याच्या कोपऱ्यात वेटोळं घालून पडलेला असे. डिझेल वाढलं म्हणून धम्मदीपनं पोत्यामागचं भाडं वाढवलं. भाडं वाढलं म्हणून पोरं दुचाकीच्या दोन्ही बाजूंना पोती लटकवून जायला लागली. पोती कमी झाली म्हणून भाडं आणखी वाढलं. कुत्र्यानं आपलंच शेपूट धरायला फिरावं, तसं चाललं होतं.

दसरा आठवड्यावर आला होता. पंचफुला अंगणात मेथीच्या जुड्या बांधत होती. केळीच्या सोपटाचा पट्टा दातात, जुडी गुडघ्यात. धम्मदीप हौद्याचा कडी-कोयंडा लावता लावता म्हणाला, "माय, मी गाडी इकतो."

"कोनती?"

"आपल्याकडं किती गाड्या हायेत?"

"तुह्या बापाची सायकल हाये."

"माह्या सायकलवर काहून डोया हाये तुमचा?" देवमन चुलीजवळून म्हणाला. "ते डिझेल पेत नाई, काई नाई."

"जहीरभाऊनं घेतली तशी बॅटरीची घेतो," धम्मदीप म्हणाला. "तीनचाकी. घरीच चार्जिंगले लावाची, सकायी अकोल्याले जाऊन वापस. पंपाचं तोंड पाहाचं काम नाई."

पंचफुलानं सोपटाला गाठ मारली. "अन् पुढं किती जन बसते त्यात?"

"पुढं डायवर बसते."

"अन् बाजूले?"

"बाजूले हवा."

तिनं जुडी एवढी आवळली की मेथीचे देठ मोडले. ती सोडून पुन्हा बांधायला घेतली. मग एकामागून एक सुरू झालं: चढावर ती गाडी थांबेल, पावसात करंट लागेल, गचक्यानं मालाचा चेंदा होईल.

"जहीरभाऊच्या मालाचा होते काय?"

"जहीर टमाटर नेते."

"टमाटराचा चेंदा होत नाई, तं मेथीचा होईन?"

पंचफुलानं पुढची जुडी गुडघ्यात धरली. खरं कारण होतं, ते जिभेवर येत नव्हतं. मुलापुढे कसं म्हणायचं, की बाप्पा, मले बसाले जागा ठेव?

०

ही गाडी नव्हती तेव्हा पंचफुला टोपली घेऊन एसटीनं अकोल्याला जायची. तिकीट तेव्हा पूर्ण होतं आणि टोपलीचं वेगळं. एकदा कंडक्टर दारात उभा राहून म्हणाला होता, "बाई, तू चढ तं टोपलं राहू दे. टोपलं चढव तं तू राह्य." सगळी एसटी हसली. पंचफुलाही हसली, कारण माल जायचा होता. मग तास-दीड तास मागच्या दाराजवळ एका पायावर उभं राहायचं, सांबाराचं, म्हणजे कोथिंबिरीचं, पाणी कोणाच्या पँटवर गळलं की त्याचं ऐकायचं.

पिकअप आली आणि हे संपलं. दार ओढलं की धप्प आवाज यायचा आणि आत कोणी हसायला नसायचं. सीटचा फोम तिच्या मापानं खोलगट झाला होता. त्यावर तिनं जुन्या लुगड्याची गोदडी टाकली होती. चपला काढून पाय मोकळे ठेवायचे, कोपर खिडकीवर. फाट्यावर कापूस वेचायला निघालेल्या बाया वर पाहायच्या, तेव्हा पंचफुला हात दाखवायची. आख्खा हात हलवायची गरज नसते, कोपरापासून वर उचलला तरी पुरतो, हे तिला त्या सीटवर कळलं होतं.

०

त्या दिवशी बाजार करून परत येताना उतार लागला तसा धम्मदीपनं गाडी न्यूट्रलला टाकली. गाडी आवाज न करता घरंगळू लागली. मागे रिकामी क्रेटं एकमेकांवर आपटत होती.

"आवाज काहून बंद झाला?"

"डिझेल वाचवून राह्यलो."

पंचफुला मागे वळून काचेतून हौद्याकडे पाहत राहिली. जाताना अर्धी, येताना अख्खी रिकामी.

"डिझेल जायून हवा वाहून राह्यला तू," ती म्हणाली. "येतानी काईतरी आनलं पाह्यजे."

"अकोल्यातून गावाले काय आनू? मेथी?"

संध्याकाळी ती गावाच्या टोकाला वामनरावांच्या लिंबाच्या बगीच्यात जाऊन उभी राहिली.

"वामनराव, निंबाले कोंबडखत लागते नं तुमाले?"

"लागते तं. पन अकोल्या रोडच्या कोंबड्याच्या फारमवरून एवढं थोडं आननार कोन? टॅक्टरवाला हात जोडते."

"आमची गाडी तिकूनच येते. रिकामी."

वामनरावांनी नाकावरचा चष्मा वर सरकवला. "भाजीच्या गाडीत?"

"गाडी काय वास घेते?" पंचफुला म्हणाली.

धम्मदीप आधी नाही म्हणाला. मग बाप म्हणाला, एक डाव करून पाह्य. मग धम्मदीपनं मनात हिशेब केला आणि हो म्हणाला. पंचफुलाला रात्री छान झोप लागली. गाडी दोन्हीकडून भरली तर तिला कोण विकतो?

०

कोंबडखताचा वास नाकात शिरत नाही, डोळ्यात शिरतो. फारमवरच्या ढिगात फावडं घातलं की आतून गरम वाफ यायची आणि तिघांच्याही डोळ्यांतून पाणी गळायचं. पंचफुलानं पदर तोंडाला गुंडाळला होता, तरी जीभ खारट झाली. पिसं घामानं मानेला चिकटत. मदतीला आलेला देवमन हौद्यात उभा राहून पसरवत होता, घोट्यापर्यंत रुतलेला.

"बरं झालं, सकायी साबन नाई लावलं म्या," तो म्हणाला. "वाया गेलं असतं."

"बोलू नका, तोंडात जाईन."

"गेलं. आता बोलतो."

वामनरावांच्या बगीच्यात ते उतरवून झालं तेव्हा ऊन कललं होतं. तिघांच्या तळहातांची साल निघाली होती, पण गाडी आयुष्यात पहिल्यांदा दोन्ही फेऱ्या भरून धावली होती. धम्मदीप शीळ घालत होता. पंचफुलानं ती शीळ ऐकली.

मग ती गाडी धुवायला बसली. विहिरीवरची मोटर लावून पाइपानं हौदा धुतला, खराट्यानं घासला, पुन्हा धुतला. हौद्याच्या पत्र्यावर फळ्या ठोकलेल्या होत्या. पत्रा तापून भाजी खालून शिजते म्हणून तिनंच मागे कधी त्या ठोकून घेतल्या होत्या. पाणी फळ्यांवरून वाहत होतं, फटींतून खाली जात होतं आणि सोबत जे न्यायचं ते नेत होतं. खाली ते कुठे जातं, याचा विचार तिच्या मनात आला नाही. वर स्वच्छ दिसत होतं. शेवटी तिनं फिनाईलची आख्खी बाटली ओतली. फळ्या दुधासारख्या पांढऱ्या झाल्या.

"आता यात जेवाले बसा," ती देवमनला म्हणाली.

०

दुसरी पहाट दसऱ्याच्या आदल्या दिवसाची. त्या दिवशी फुलांना मागणी. गावातली रुख्मिणी झेंडू लावायची, तिच्या फुलांच्या पाट्या पंचफुलाच्या गाडीत चढल्या. रुख्मिणी स्वतः कधी गाडीत बसायची नाही. "मले पुढं मयमय होते," असं म्हणून ती फाट्यावरून पहिली एसटी धरायची आणि बाजारात गाठ घालायची.

फुलं फळ्यांवर, त्यांच्या बाजूला मेथी आणि सांबार. भाजीवर सवयीनं पाणी मारलं. दंव पडू नये म्हणून वरून ताडपत्री ओढली, चारी बाजूंनी घट्ट. गाडी निघाली. पंचफुलानं कोपर खिडकीवर ठेवलं. खाली, फळ्यांच्या पोटात, कालचं सगळं गाडीच्या गरमीनं हळूहळू शिजू लागलं.

अकोल्याच्या भाजीबाजारात धम्मदीपनं ताडपत्री काढली आणि जवळचे दोन ठेलेवाले एकदम मागे सरकले.

एकानं सांबाराची जुडी उचलून नाकाशी नेली. पंचफुलाकडे पाहिलं. पुन्हा नाकाशी नेली.

"बाई, सांबार हाये का संडास धुतला?"

"फिनाईल हाये ते. साफ माल हाये."

"फिनाईल समजलं. त्याच्या खाली काय हाये?"

लोक जमायला लागले. बाजारात माल पाहायला येत नाहीत एवढे लोक वास घ्यायला येतात. एक जण घेऊन दुसऱ्याला बोलावत होता. पंचफुला जुड्या झटकत होती, हसत होती, एसटीच्या दारात हसली होती तशीच. तेवढ्यात रुख्मिणी आली. फुलांच्या व्यापाऱ्यानं तिच्या पाटीत हात घातला आणि ओंजळ वर आणली.

"दसऱ्याले लोक गाडीले हार घालते," तो म्हणाला. "हा घातला तं गाडी पयून जाईन."

रुख्मिणीनं पंचफुलाकडे पाहिलं. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. तिनं नुसती पाटी डोक्यावर घेतली आणि बाजाराच्या बाहेर, जिथे वारा लागतो त्या भिंतीजवळ गेली.

पंचफुलानं सांबार तिथेच टाकला. बाजारातल्या शेळ्या आल्या, वास घेऊन निघून गेल्या. मग तीही भिंतीजवळ गेली. रुख्मिणीनं पोतं अंथरून फुलं पसरली होती. पंचफुला समोर बसली आणि न विचारता एक एक फूल उलटं करायला लागली. ऊन वर आलं. बोटं पिवळी झाली. दोघींच्या मांड्या अवघडल्या, एकीनंही जागा सोडली नाही. झेंडूचा स्वतःचाच वास उग्र असतो; दुपार होता होता त्यानं बाकीच्याला हाकललं. उशिरा आलेली गिऱ्हाइकं घाईत होती. त्यांनी फुलं उचलली, नाकाशी कोणी नेली नाहीत. पोतं रिकामं झालं तेव्हा रुख्मिणी पहिल्यांदा बोलली.

"सांगितलं असतं तं म्या पाट्या एसटीच्या टपावर टाकल्या असत्या."

"हो वं."

"ऊठ. चाल येष्टीनं. त्या गाडीत मी तुले बसू देत नाई आज."

"पोट्टा थांबला असन नं..."

"थांबू दे नाई तं जाऊ दे. त्याले नाक हाये, त्याचं तो पाहीन."

०

किती वर्षांनी पंचफुला एसटीच्या पायरीवर चढत होती. सवयीनं तिनं मान आखडली आणि डोक्यावरचं टोपलं सांभाळायला हात वर नेला. डोक्यावर काही नव्हतं. कंडक्टर दारात होता, कोवळ्या मिशीचा.

"मावशी, सामान काही?"

पंचफुलानं आपले दोन्ही हात पाहिले. पिवळे होते, पण रिकामे.

"नाई."

"मंग बसा नं. खिडकी खाली हाये."

तिकीट अर्धं निघालं. रुख्मिणीनं तिला खिडकीशी ढकललं आणि स्वतः बाजूला बसली. एसटी स्टँडच्या बाहेर पडली. मग पंचफुला बाहेर पाहत म्हणाली, "धम्मदीप गाडी इकते म्हने. बॅटरीची घेते. म्हनून म्या खताचं काढलं."

"इकू दे. जहीरचं मस्त चाललं."

"अवं, त्यात बाजूले सीट नाई."

रुख्मिणीला क्षणभर कळलं नाही. मग कळलं.

"सीटीसाठी? तू माह्या फुलाले कोंबड्याची हगवन लावली, ते सीटीसाठी?"

पुढच्या सीटवरच्या दोघी वळून पाहायला लागल्या.

"हळू बोल वं."

"कायले हळू बोलू? सगया बाजाराले मालूम हाये." आणि रुख्मिणी हसायला लागली. खोकला येईपर्यंत हसली. "तुले मालूम हाये, मी तुह्या गाडीत काहून बसत नाई?"

"मयमय होते तुले."

"कायची मयमय! तू सगया रस्त्यानं सरपंचावानी हात दाखवते. मले बाजूले बसाची लाज वाटे."

पंचफुलाचं तोंड उघडं राहिलं. मग तिलाही हसू आलं, आधी नाकातून, मग पोटातून. वाटेत दसऱ्याची गर्दी चढली होती, दारापर्यंत लोक उभे होते, त्यांना कळेना या दोघींना काय झालं.

"मालाले गाडी लागते," डोळे पुसत रुख्मिणी म्हणाली. "मेथी काय खिडकीतून पाह्यते? तिले जाऊ दे हवा खात. आपुन आपले येष्टीनं."

उताराजवळ एसटीनं एका पिकअपला मागे टाकलं. पंचफुलानं वरून पाहिलं. गाडीचं छप्पर तिनं कधीच पाहिलं नव्हतं. त्यावर पाखरांनी पांढरे डाग पाडले होते. आत धम्मदीप नाकाला गमछा बांधून, डोकं खिडकीबाहेर काढून, न्यूट्रलवर घरंगळत चालला होता. बाजूच्या सीटवर त्याचा डबा बसला होता.

तिनं कोपरापासून हात वर केला. त्यानं पाहिलं नाही.

०

दसऱ्यानंतर गिऱ्हाईक आलं. भगवंत नाव, कौंडण्यपूरकडचा, संत्र्याचा माल वाहणारा. बगीच्यातून गाडी भरून निघते, तिकडे पिकअप अजून परवडते, असं त्याचं म्हणणं. त्यानं टायर दाबले, बॉनेट उघडून आवाज ऐकला, हौद्यात चढला आणि थांबला.

"कायचा वास हाये?"

"कायचा बी नाई..." धम्मदीप सुरू करणार होता.

"कोंबडखताचा," पंचफुला दारातून म्हणाली. "फळ्याखाली बसला हाये. म्या केलं ते. फळ्या काढल्या तं जाईन."

धम्मदीपनं कपाळाला हात लावला. भगवंतनं मात्र पहार मागितली. देवमन, भगवंत आणि पंचफुला अशी तिघं फळ्या उचकटायला लागली. खालून काळा चिखल निघाला, गंजलेले खिळे निघाले आणि अंधारात उगवलेलं एक पांढरंफटक वांग्याचं रोप निघालं. पंचफुलानं ते उपटून परड्यात नेऊन लावलं. पत्रा धुतला, कोरडा केला. भगवंतनं गुडघे टेकून नाक पत्र्याला लावलं.

"संत्र्याले चालते," तो म्हणाला.

सौदा ठरला. जायला निघताना त्यानं पुढचं दार उघडलं, सीटवरची गोदडी पाहिली. "हे काढून घ्या तुमची."

पंचफुला जवळ आली. खोलगट जागेवरून गोदडी सारखी केली, घडीचा कोपरा आत खोचला.

"राहू द्या. घरच्या बाईले लागन."

"माही बायको कायले बसते गाडीत?"

"बसवा एखांद्या डाव."

भगवंत हसला. दार ओढलं. धप्प आवाज झाला, गाडी वळणावरून गेली. देवमन हळूच म्हणाला, "आता माह्या सायकलले कोनी हात लावाचा नाई."

०

पहिल्या दिवशी तीनचाकी निघाली तेव्हा कोंबड्यांनाही पत्ता लागला नाही. धम्मदीप पुढे एकटा, मागे मेथी, सांबार, रुख्मिणीच्या पाट्या. पंचफुला आणि रुख्मिणी फाट्यावर चालत गेल्या. थंडी पडायला लागली होती. एसटी आली. दोघींच्या हातात काही नव्हतं, पंचफुलाच्या कमरेला फक्त चंची होती. तिला खिडकी मिळाली. मधे एका थांब्यावर एक बाई टोपली घेऊन चढायला लागली आणि दारात अडली, तेव्हा पंचफुला उठली, टोपलीचा एक कान धरून वर ओढली, आपल्या पायांशी ठेवली आणि पुन्हा बसली.

बाजारात ती गाडीच्या आधी पोचली. भिंतीजवळची, वाऱ्याची जागा धरली, पोतं अंथरलं, चहा सांगितला. सांबारवाला तो ठेलेवाला पलीकडून ओरडला, "काहो बाई, आज काय धुतलं?"

"तुहं तोंड धुवाचं राह्यलं हाये. ये इकडं."

ती चहा पीत बसली. कोवळं ऊन पाठीवर आलं होतं. माल कधी आला ते तिला कळलंच नाही. कानाशी धम्मदीप "माय" म्हणाला तेव्हा ती दचकली.

"हार्न तरी वाजवाचा, बाप्पा!"

तिनं कप खाली ठेवला, पदर खोचला आणि पहिली जुडी उचलली. मेथी ताजी होती. मान वर.

ती विकलेली पिकअप पहिल्यांदा गावात आली होती त्या दिवशी पुढच्या सीटवर पेढ्यांचा डबा ठेवला होता, आणि पंचफुला मागे हौद्यात उभी राहून, दांड्याला धरून, सगळा रस्ता हसत आली होती.